दुकानातली उलटतपासणी

गोंदिया, मे महिना. आजही तेच. आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात एक काका तावातावाने आले. "रोज पूर्ण पाणी बदलतो जी, तरी मासे मरतात. तुमचा मालच खराब!"

पाणी कोणतं? तर नळाचं, थेट. म्हणजे क्लोरीन आलं. शिवाय फिल्टरचा स्पंजही नळाखाली घासून धुतात. मासे सोडतात त्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, काका! त्यांनी शांतपणे मान हलवली आणि दोन गोल्डफिश मागितले. काचेच्या वाडग्यासाठी. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू तसाही कमी विरघळतो. मी दिले नाहीत. मालक घुश्शात.

फायटर मासे मागणारी पोरं वेगळीच. दोन नर एकत्र ठेवू नका म्हटलं, की डोळे चमकतात. समजायचं ते समजलो.

संध्याकाळी एक बाई. "भाऊ, हा काच साफ करणारा मासा बहुतच मोठा झाला. तलावात सोडून देऊ का?"

इथे माझा आवाज चढला. नवेगाव बांध, बोदलकसा, चोरखमारा. आपला जिल्हाच तलावांचा, आणि ढीवर मासेमारांची पोटं त्यांवर. हा काच साफ करणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. उजनी धरणाच्या मासेमारांना विचारा.

"मग तुम्हीच ठेवा."

ठेवला. चांगला वीतभर आहे, काळाकुट्ट, मागच्या टबात. तेवढ्यासाठी टब अडवला म्हणून उद्या मालकांची बोलणी ठरलेली.