पाडायची की लिंपायची?

सेलूच्या आमच्या माळवदाच्या घराची पश्चिमेची भिंत सध्या फॅमिलीत हॉट टॉपिक आहे. बाहेरचा सिमेंटचा गिलावा ढलप्या-ढलप्यांनी सुटतोय. दादाचं एकच, 'सगळं पाडू, आरसीसी करू, लोन मिळतं की!' आईला मात्र ती दोन हात जाडीची मातीची भिंत सोडवत नाही. मे महिन्यातल्या दुपारी तिच्याच आडोशाला झोप लागते म्हणे. आणि मी? पुण्यात बसून ईएमआयचा हिशोब करणारी मधली पार्टी.

मिस्त्रीमामांनी थापीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली. आवाज पोकळ आला, म्हणजे गिलावा सुटलेला. मातीची भिंत ओल पिते आणि बाहेर टाकते. सिमेंटनं तिचं तोंडच दाबलं, की आतली माती भुसभुशीत होते. बरं, दादाची भीतीही उगाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड मातीची छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती.

शेवटी ओळंबा सोडला. भिंत बहुतेक सरळ निघाली, फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात पोट आलंय. तेवढा कोपरा उतरवून नवा बांधायचा, बाकी सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा. वर्षानुवर्षं माळवदावर टाकलेली जादा मातीही उपसायची. पण सगळ्यात आधी गळकी पन्हळ बदलायची, नाहीतर सगळा खर्च अक्षरशः पाण्यात!

आई खूश आहे. दादानं मात्र आरसीसीचं कोटेशन अजून फाडलेलं नाही.