टाक आणि फडकं

आजी बायबल कधी जमिनीवर ठेवायची नाही. जुन्या नऊवारीच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या फडक्यात ते बांधलेलं असायचं, फळीवर, पिठाच्या डब्याच्याही वर. वाचायच्या आधी हात धुवायचे, गाठ सोडायची, पुस्तक कपाळाला लावायचं, मग पान उघडायचं. आणि हीच आजी शेजारच्या मावशींकडे गेली की आल्ताराकडे पाठ करून बसायची. मावशी वसईच्या, कॅथलिक. त्यांच्या आल्तारावर निळ्या झग्यातली सायबीण, म्हणजे मरियामाता होती, प्लास्टरची, एका हाताची बोटं उडालेली. मावशी पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसायच्या, शाळेतून आलेल्या पोराचं पुसावं तसं. "मूर्तीच की ती," घरी आल्यावर आजी म्हणायची. आवाज चढलेला नसायचा, पण पुढे बोलायची सोयही नसायची.

सुरतेत, उधन्याच्या त्या चाळीत मराठी ख्रिस्ती अशी दोनच घरं, आमचं प्रॉटेस्टंट आणि मावशींचं कॅथलिक. बाकीचे बहुतेक जळगाव-धुळ्याकडचे, लूमच्या खात्यांवर कामाला. त्यांच्या लेखी आम्ही दोघं एकच. आमच्यातली भिंत त्यांना दिसायची नाही.

आजीचं ते पाठ करून बसणं समजायला मला फार वर्षं लागली. तिच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या आठवड्यात देवघरातले टाक नेऊन प्रकाशाजवळ तापीत सोडले. खंडोबा, भवानी, आणि घरातल्या कुणा पूर्वजाचा वीर. आजी तेव्हा लहान होती, काठावर उभी राहून बघत होती. वीर पाण्यात गेला तेव्हा तिची आई रडली, हे तिनं मला एकदाच सांगितलं. त्यानंतर भावकीनं त्यांच्या घरचं पाणी सोडलं. पुढे लग्न होऊन आजी सुरतेला आली ती त्याच नदीच्या खालच्या टोकाला. जिनं मूर्ती सोडण्याची एवढी किंमत दिली, तिला शेजारणीच्या सायबीणीकडे सहज कसं बघता यावं?

मराठी माणसाच्या या झगड्याचा एक धागा सुरतेतूनच निघतो. मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग इथे शिक्षक होते. १८४४ साली त्यांनी दुर्गाराम मेहताजींबरोबर इथे मानवधर्म सभा काढली. देव एक, माणसांची जात एक, असं मानणारी, आणि मंत्रतंत्रवाल्यांना जाहीर आव्हान देणारी. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी निघाली ती त्याच ओढीतून. तिच्यातले बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. त्या माणसांना देवघराचा उंबरा ओलांडणं हेच पहिलं पाऊल वाटलं असणार. आजीचा कडवेपणा मला त्याच कुळीचा वाटतो.

शास्त्रात बघायला जावं तर तिथेही वाट सरळ नाही. बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या दहा आज्ञांमध्ये मूर्तीची मनाई ही स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. कॅथलिक ती पहिलीतच धरतात आणि शेवटच्या आज्ञेच्या दोन करून दहा पुऱ्या करतात. ७८७ साली निकियाच्या परिषदेनं ठरवून दिलं की प्रतिमेला वंदन करावं, आराधना मात्र देवाचीच. आपल्याला हे शब्द परके नाहीत. पण दसऱ्याला लूमला झेंडूचा हार घालून ज्याला आपण पूजा म्हणतो, ते वंदन की आराधना? चाळीत कुणालाच कधी हा प्रश्न पडला नाही. आजीला दरवर्षी पडायचा.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो पितळी सर्प. मोशेनं तो देवाच्याच सांगण्यावरून केला. साप चावलेला माणूस त्याच्याकडे बघायचा आणि जगायचा. कित्येक पिढ्यांनंतर लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं त्याचा चुरा केला. पितळ तेच. करायला सांगणं खरं आणि फोडणंही खरं, हे दोन्ही एकाच पुस्तकात आहे, आजीच्या फडक्यातल्या त्याच पुस्तकात.

हेच कोडं सुरतेतही आहे. कतारगामच्या बाजूला डच आणि इंग्रजांची जुनी कबरस्तानं आहेत. १५६६ साली डचांच्या मुलुखात प्रॉटेस्टंटांनी संतांचे पुतळे फोडले, पुढे चर्चच्या भिंतींना चुना फासला गेला. त्याच पंथाच्या व्यापाऱ्यांनी १६९१ साली वारलेल्या, डच कंपनीच्या व्हान रीडवर इथे घुमटाची दुमजली कबर उभारली. शिवाजी महाराज १६६४ साली सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली वारला; त्याची आणि त्याच्या भावाची कबरही तशीच डोळे दिपवणारी. इंग्रजांवर कडी करायला डचांनी आपली बांधली, असं म्हणतात. तिथे उभं राहिलं की माझा जीव गुदमरतो. एवढा दगड, एवढा चुना, आणि सगळा कंपनीच्या इभ्रतीपायी. बोटं उडालेल्या सायबीणीपुढे गुडघे टेकणाऱ्या मावशींना मूर्तिपूजक ठरवायचं, तर याला काय म्हणायचं?

मावशींचंही सगळं मला पटायचं असं नाही. "मी तिच्याकडे मागत नाही रे, माझ्या वतीनं मागायला सांगते," त्या म्हणायच्या, आणि ते मला कळायचं. पण मुलाचा पाय मोडला तेव्हा त्यांनी वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचा पाय बोलला, आणि तो बरा झाल्यावर सप्टेंबरच्या जत्रेत नेऊन वाहिला. इथे माझं मन अडतं. हा सौदा वाटतो. मग आठवतं, बाबांचं लूमचं खातं बंद पडलं तेव्हा आजीनं, त्यांना काम मिळेपर्यंत चहा सोडला होता. समोर मूर्ती नव्हती एवढंच.

शेवटी आजीच्या डोळ्यांना दिसेनासं झालं. दुपारी घरात कुणी नसायचं, म्हणून मावशी यायच्या वाचून दाखवायला. एकदा मी लवकर घरी आलो. मावशींनी गळ्यातली रोझरी काढून ब्लाऊजमध्ये सरकवली होती, आजीच्या हाताला ती लागून तिला वाईट वाटू नये म्हणून. त्यांनी हात धुतले, गाठ सोडली, पुस्तक कपाळाला लावलं आणि तेविसावं स्तोत्र काढलं. आजी उशाला टेकून ऐकत होती, ओठ हलवत. वाचून झाल्यावर मावशी फडकं बांधायला लागल्या.

"गाठ सैल बांध," आजी म्हणाली, "उद्या सोडायचीय."