कुटचे दिवस

बेळगावात राहणाऱ्याला मराठा लाइट इन्फन्ट्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. कॅम्पाकडे फिरायला गेले की कवायतीचे आवाज कानी पडतातच. पलटणीच्या पराक्रमाबद्दल आम्ही हक्काने बोलतो. माझे मन मात्र कैक वर्षे एका शरणागतीत अडकून पडले आहे. तैग्रिस नदीच्या वळणावरचे कुट. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तुर्कांनी वेढलेल्या जनरल टाउनशेंडच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या.

उपासमारीने धीर सुटला, असे आपण सहज म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. आमच्या दुष्काळी मुलखातला माणूस उपास काढतो. पुन्हा पुन्हा पुढे ढकललेली तारीख त्याला सोसत नाही. सुटकेसाठी निघालेली फौज जानेवारीत अडली, मार्चमध्ये दुजैलाला अडली, एप्रिलमध्ये सन्नायतला अडली. तोफा ऐकू येत, माणसे येत नसत. त्यात धान्य थोडेच उरल्याचे टाउनशेंडने आधी कळवलेले, म्हणून ती फौज अपुऱ्या तयारीनिशी घाईने पुढे आली. मग घराघरांची झडती घेतली, तर एप्रिलपर्यंत पुरेल इतके सापडले! गावात सुमारे ६,००० अरब राहिले होते. त्यांच्या धीराचा हिशेब कोणी ठेवला?

घोड्याच्या मांसाचीही एक कथाच आहे. गोरे शिपाई खात, आपले बहुतेक नाकारत. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बरेच जण बधले नाहीत. देवाने क्षमा केली तरी भावकीचे काय? गावी परतल्यावर पंगतीला शेजारी कोण बसणार? एप्रिलमध्ये अनेकांनी अखेर खाल्ले. तोवर स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या होत्या.

२४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ बोट सुमारे २७० टन रसद घेऊन निघाली आणि वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. पाच दिवसांनी शरणागती. सुमारे १३,००० कैदी. त्यांतले ४,००० हून अधिक कैदेत मेले.

हे सारे मी एकदा आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना सांगितले. भुकेचे, घोड्याचे त्यांनी काहीच विचारले नाही.

“आणि साहेब कुठं होते हो, मास्तर?”

टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिल्याचे मी सांगितले. सुभेदारांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि यंदाच्या भुईमुगाचे बोलू लागले.