टॉप बॉक्स की बाबा?

सात वर्षं दीडशे सीसीची पल्सर चालवली. कोथरूड-हिंजवडी, हिंजवडी-कोथरूड आणि वर्षातून एखादं महाबळेश्वर. गाडीबद्दल तक्रार काहीच नव्हती. पण ऑफिसातले दोघं लेहला जाऊन आले, त्यांच्या डेस्कवर खारदुंगलाच्या पाटीसमोरचे फोटो लागले आणि आपली विकेट पडली. हिमालयन ४५० बुक केली. ४५२ सीसी, चाळीस पीएस, सतरा लिटरची टाकी आणि भलामोठा ईएमआय!

वजन १९६ किलो. शोरूममध्ये हा आकडा भारदस्त वाटतो. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर तोच आकडा अंगावर येतो. दुसऱ्याच दिवशी गाडी वळवताना पाय जरा चुकीच्या जागी पडला आणि बाईसाहेब सावकाश आडव्या झाल्या. हँडल धरून ओढली, हलेना. शेवटी वॉचमनकाकांच्या मदतीने उभी केली. मग यूट्यूबवर शिकलो. गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला कंबर टेकवायची, गुडघ्यात वाकायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे आडवी. मोठी गाडी घेणाऱ्याने हे आधी शिकावं. फुकट आहे.

पण फुकटच्या गोष्टींत आपल्याला रस कुठे असतो? पुढचा शनिवार नाना पेठेत. दुकानदाराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘‘साहेब, टूरिंगची गाडी अशी नागडी फिरवणार?’’ झालं. क्रॅश गार्ड घेतला, त्याबद्दल अजिबात पश्चात्ताप नाही (पार्किंगचा किस्सा आठवा). मोबाइल होल्डर घेतला, तो मात्र निव्वळ मूर्खपणा. या गाडीच्या गोल मीटरमध्येच गूगल मॅप दिसतो. शिवाय हँडलच्या थरथरीने फोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असं आयफोनवाल्यांनीच २०२१मध्ये सांगून ठेवलंय. जादाचे दिवे लावायला निघालो होतो, पण पठ्ठ्याने मूळ वायरिंग कापायला पक्कड उचलली आणि मी ओरडलो. वॉरंटीचं काय? त्याला साडी गार्डही काढून टाकायचा होता, ‘लुक येतो’ म्हणून. मागच्या माणसासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्म्या चाकावर संरक्षण असावं, असा आपल्याकडे नियमच आहे. तो काही उगाच केलेला नाही.

आणि मग टॉप बॉक्स. पंचेचाळीस लिटरचा, अॅल्युमिनियमचा, चकचकीत. त्यात दोन हेल्मेटं मावतात म्हणे. क्रेडिट कार्ड स्वाइप करताना मला थेट पँगाँग दिसत होता.

लेह अर्थातच लगेच होणार नव्हतं. सुट्टी कुठाय? तेवढ्यात घरी विषय निघाला. दापोलीजवळच्या आमच्या घराचं छप्पर शाकारायचं होतं, कुणीतरी जाऊन यायला हवं होतं. मी सहज म्हटलं, ‘‘बाबा, चला माझ्याबरोबर. ताम्हिणीतून जाऊ.’’

बाबा अडुसष्टचे. चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत, पण संध्याकाळी ते एकटेच पार्किंगमध्ये जाऊन गाडी बघून आले. बालपणभर मी त्यांच्या चेतकवर पुढे उभा राहून फिरलोय. तिला स्टेपनीचं कव्हर आणि आईसाठी बाजूला पाय ठेवायची पट्टी, एवढ्याच काय त्या अॅक्सेसरीज. सकाळी सुरू होईना की बाबा तिला आधी एका अंगावर तिरकी करायचे.

शुक्रवारी रात्री ट्रायल घेतली. मी दोन्ही पाय रोवून बसलो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या फूटरेस्टवर उभे राहिले आणि उजवा पाय पलीकडे टाकायला गेले. बूट टॉप बॉक्सला आपटला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. माझी सीटच जमिनीपासून ८२५ मिलिमीटर, मागची त्याहून उंच. त्यात बॉक्सची भिंत आणि बाबांचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिसऱ्यांदा त्यांचा तोल गेला. मी कसाबसा गाडी आणि बाबा दोघांना सावरलं.

‘‘अरे, तू हो पुढे. मी स्वारगेटहून एसटीने येतो,’’ ते म्हणाले. इतक्या सहज, जणू एसटीचंच ठरलं होतं. लिफ्टपर्यंत ते जरा हळूच चालत गेले.

रात्री साडेअकराला मी पाना घेऊन खाली गेलो. चार बोल्ट. बॉक्स उतरवला, प्लेटही काढली. मागचा शॉकअॅब्सॉर्बर दोन टप्पे कडक केला. पुस्तकात डबलसीटसाठी लिहिलंय तेवढी हवा सकाळी पंपावर भरायची ठरवली. मागे माणूस बसला की हेडलाइट वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यात शिरतो, तोही खाली केला. सामानासाठी मित्राच्या दोन लहान सॅडलबॅगा आणल्या. वजन खाली राहतं आणि पाय वरून जातो. आयएसआयचं हेल्मेट बाबांसाठी आधीच आणलेलं होतं. (पुणेकर आणि हेल्मेट हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे नको.)

सकाळी सहाला बाबांनी खाली येऊन गाडीकडे पाहिलं. ‘‘तो डबा कुठे गेला?’’

‘‘हलत होता,’’ मी म्हटलं.

पहिल्या प्रयत्नात बसले.

मुळशीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ताम्हिणीत चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, ‘‘डावा आरसा जरा बाहेर घे. तुला मागचं दिसत नसणार.’’ घेतला. खरंच दिसत नव्हतं. निजामपूर, माणगाव, पुढे मंडणगडच्या वळणांवर त्यांचा हात माझ्या खांद्यावरच होता.

टॉप बॉक्स सध्या माळ्यावर आहे. आईने त्यात आकाशकंदील ठेवलाय.