यजमानीणही पंगतीत

दौलताबादच्या किल्ल्यासमोरच्या एका शेतघरात फेब्रुवारीतल्या बुधवारी दुपारी बायकांची भिशी भरली. वार बघूनच ठरवला होता, कारण गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी टाळल्याशिवाय आमच्याकडे चिकनचा बेत होत नाही. या खेपेला बेत होता चिकन सॅलडचा.

यजमानीण माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या लेकीकडे अमेरिकेला गेल्या होत्या, तेव्हा शेजारच्या आजींनी त्यांना दुपारी जेवायला बोलावलं होतं. जुन्या पद्धतीचं जेवण: फक्त बायका, कडक इस्त्रीचा टेबलक्लॉथ आणि थंडगार चिकन सॅलड. जेवण संपेपर्यंत त्या आजी एकदाही जागेवरून उठल्या नाहीत, याचं जाऊबाईंना फार अप्रूप वाटलं. आपल्याकडे गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते, त्यामुळे करणारीचं पान शेवटी मांडलं जातं. सॅलड आदल्या दिवशीच होऊन जातं. दुपारच्या जेवणावळीत ते इतकं का रुळलं, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

आदल्या संध्याकाळी जाऊबाईंनी कोंबडीचे छातीचे तुकडे हाडासकट पातेल्यात घातले. सोबत आलं, मिरे, तमालपत्र आणि मीठ. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. जोराच्या उकळीने मांसाचे धागे आकसतात, आतला रस बाहेर येतो आणि घास चोथ्यासारखा लागतो. शिजलेलं मांस त्याच पाण्यात कोमट होऊ दिलं, मग रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सुरी धाग्यांना आडवी चालवली तेव्हा एकेक फोड सुबक निघाली. मेयोनेझ बाटलीतलं, बिनअंड्याचं, त्यात तेवढाच चक्का. कच्च्या अंड्याची भीती नको. सेलरीऐवजी बिया काढलेली कोवळी काकडी, वरून भाजलेले बदाम. मांस पुरतं गार झाल्याशिवाय त्यांनी मेयोनेझला हात लावला नाही. गरम मांसावर ते वितळून त्याचं तेल सुटतं.

द्राक्षं मात्र अगदी शेवटी. धुऊन, फडक्यावर एकेक कोरडं करून, उभं चिरून. मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून वाढायच्या जरा आधीच ती मिसळली.

द्राक्षाचं आणि या गावाचं नातं जुनं आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे आणली, तेव्हापासून या भागात द्राक्षं रुजली असं मानतात. चौदाव्या शतकातच इथे आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षा-डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो असं लिहून ठेवलंय. आमच्या वाडग्यात होती ती लांबट सोनाका, सोलापूरकडच्या नान्नजची देणगी.

पावाऐवजी जाऊबाईंनी शहरातून नान आणवले होते, खलिया म्हणजे मटणाच्या रश्श्यासोबत खातात ते पिवळसर, मऊ, किंचित गोडसर. मला तर ही जोडी सँडविचपेक्षा सरस वाटली. शाकाहारी मैत्रिणींसाठी हेच सगळं उकडलेल्या बटाट्यावर, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. दोन्ही वाडगी बर्फाच्या परातीत ठेवली होती. असं सॅलड उन्हाळी हवेत तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये.

‘तिखट काहीच नाही?’ एका काकूंनी विचारलं. तेव्हा १९५३ सालची गोष्ट निघाली. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांनी थंड चिकनच्या मेयोनेझमध्ये करी पावडर घातली होती. जाऊबाईंनी लगेच थोडं सॅलड बाजूला काढलं आणि काकूंना हवा तेवढा काळा मसाला त्यात कालवायला दिला. मग तो वाडगा सगळ्यांच्या हातून फिरला, आणि जाऊबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

पुढची भिशी काकूंकडे, जूनमध्ये. तोवर द्राक्षं संपलेली असतील, म्हणून त्या डाळिंबाचे दाणे घालणार आहेत. मांस शिजवलेलं पाणी जाऊबाईंनी गाळून ठेवलं होतं. रात्री त्यातच पुलाव झाला.