शून्य आणि रिकामं

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. "सांडपाण्याचं पान उघडत नाहीये." मी पालघरला होतो. डहाणू लोकल पकडली, बोईसरला उतरून रिक्षा केली.

पान पांढरंफटक. कन्सोलमध्ये लाल ओळ: 'अनएक्स्पेक्टेड टोकन एन इन जेसॉन ॲट पोझिशन ३१२'. बहुतेकदा तिथे एचटीएमएलचा टोकदार कंस असतो. जेसॉन मागावं आणि सर्व्हरने लॉगिनचं पान पाठवावं, तसं. हा 'एन' वेगळा होता. आलेला मजकूर पार्स न करता नुसता छापून पाहिला. मोजणी शून्यापासून, म्हणजे ३१३वं अक्षर. तिथे सीओडीच्या पुढे 'नॅन' होतं, म्हणजे 'नॉट अ नंबर'.

सेन्सर धुवायला काढला होता. त्या वेळात एकही नोंद नाही, आणि नसलेल्या नोंदींची सरासरी काढताना पायथॉनचा प्रोग्रॅम 'नॅन' लिहून मोकळा झाला. पायथॉनला ते चालतं. जेसॉनच्या नियमात ते बसत नाही, म्हणून ब्राउझरने बाकीच्या धडधाकट आकड्यांसकट सगळंच नाकारलं.

"शून्य टाका ना," सुपरवायझर म्हणाले. "पान तर उघडेल."

टाकलं. उघडलं. दोन तास सीओडी शून्य, पिण्याच्या पाण्याहून स्वच्छ! माझी मावशी नवापूरची. या वसाहतीचं पाणी पाइपातून तिथल्याच समुद्रात जातं. त्याच प्रदूषणावरून २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली होती. मी शून्य खोडलं.

त्या जागी 'नल' घातलं. जेसॉनला ते मान्य आहे. पान उघडलं, पण दिवसाची सरासरी २२० दिसत होती. दर पंधरा मिनिटांनी एक, अशा ९६ नोंदींपैकी ८ रिकाम्या. जावास्क्रिप्ट बेरजेत 'नल'ला गुपचूप शून्य धरते, आणि भागाकार मात्र ९६नेच. ८८ने भागल्यावर खरा आकडा आला, २४०. हा दोष मला जास्त भ्यायला लावणारा वाटला, कारण यात लाल ओळ येतच नाही.

आलेखाची रेघ आता मधे तुटली होती.

"हे काय?"

"तेव्हा सेन्सर बाहेर होता."

"वरून विचारतील, साहेब."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी कपाटातून देखभालीची वही काढली आणि सेन्सर किती वाजता काढला ते शिफ्टच्या पोराला विचारू लागले.