मावशी, सही करण्याआधी

प्रिय मावशी,



काल फोनवर म्हणालीस, "डॉक्टर एवढं म्हणतायत तर देते सही करून. त्यांचं मन कशाला मोडा?" ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. त्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचारांच्या चाचणीत, जायचं असेल तर खुशाल जा. फक्त भिडेखातर जाऊ नकोस.

अशा चाचण्यांना किती मोल असतं, ते तुझ्याच आजारात, स्तनाच्या कर्करोगात, दिसलंय. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक शंका होती: स्तनातली गाठ काढताना जी हाताळणी होते, तिच्यामुळेच तर आजार पुढे पसरत नसेल? मग आधी गाठीभोवतीच बधिरतेचं औषध टोचलं तर? औषधही साधंच, लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत देतात ते. २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० बायका या चाचणीत आल्या. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी हे इंजेक्शन दिलं, बाकीच्यांची शस्त्रक्रिया त्याविना झाली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत ९०.१ टक्के, न मिळालेल्यांत ८६.४ टक्के. इतक्या स्वस्त औषधावर पैसा लावायला कुठली कंपनी धावली असती? त्या बायका 'हो' म्हणाल्या म्हणून हे कळलं.

पण यातली मेख नीट समजून घे. एरवी डॉक्टर तुझी प्रकृती बघून औषध निवडतात. अशा ट्रायलमध्ये तू कोणत्या गटात जाणार, ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणकावर ठरतं. डॉक्टरांना निवड करू दिली, तर धडधाकट बायका एका गटात आणि खंगलेल्या दुसऱ्यात जातील, मग तुलनेला अर्थ काय उरला? दोन्हींतलं सरस कोणतं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर चाचणीच कशाला केली असती? म्हणजे नवं ते चांगलंच, असं धरून चालू नकोस.

शिवाय तुझ्यावर उपचार करणारे तेच आणि संशोधन करणारेही तेच. दोन्ही कामं सचोटीनं करणारे पुष्कळ डॉक्टर आहेत. तरी ज्यांच्या हाती आपला जीव, त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणूनच कायद्यानं तुझ्या बाजूनं बंदोबस्त केलाय. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९चे नियम आहेत. चाचणीला आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. त्या कमिटीत किमान ७ जण असतात आणि डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असतो. चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. मधेच बाहेर पडायला कारण द्यावं लागत नाही, आणि बाहेर पडलीस म्हणून तुझे नेहमीचे उपचार अडता कामा नयेत.

तेव्हा माहितीपत्रक मराठीत माग आणि घरी घेऊन ये. काकांबरोबर बसून वाच. मग विचार: ट्रायलमध्ये आले नाही तर मला कोणते उपचार मिळतील? जादा तपासण्या किती, जादा फेऱ्या किती, त्यांचा खर्च कोणाकडे? बायोप्सीतून उरलेला तुकडा ठेवून घेणार का, आणि कशासाठी? माझं नाव कोणाकोणाला कळणार? अडचण आली तर रात्री फोन कोणाला करायचा? सही केल्यावर एक प्रत तुझ्याकडे राहायला हवी.

चाचणीचा सीटीआरआय क्रमांकही विचारून ठेव. देशातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि सगळ्यांना बघायला खुली आहे. तुझ्या वॉर्डातल्या ज्या बायकांना कोणी विचारलंच नाही, त्यांनाही सांग: "माझ्यासाठी एखादा अभ्यास चालू आहे का?" असं आपल्या डॉक्टरांना विचारता येतं. सगळ्याच निकषांत बसतील असं नाही, पण विचारायला कोणाची बंदी नाही.

इतके प्रश्न विचारल्यावर डॉक्टर वैतागले, तर तेही एक उत्तरच समज. शांतपणे सगळं सांगितलं आणि तुला पटलं, तर बेलाशक सही कर. नाही पटलं तर "नको" म्हण आणि पुढच्या केमोची तारीख घेऊन ये. दोन्हींपैकी काहीही केलंस तरी मी तुझ्याच बाजूनं आहे.

तुझी,
लाडकी भाची